सुट्या भागांचे विमान

नवरात्र बसण्याआधी घर झाडून काढायचे, ही आमच्या घरातली जुनी रीत. एकाने झाडायचे, दुसऱ्याने 'हे टाकायचं का?' असे विचारायचे आणि तिसऱ्याने 'राहू दे' म्हणायचे, ही कामाची वाटणीही तितकीच जुनी. तिसरा अर्थातच मी. २०२५ सालच्या सप्टेंबरात असाच माळा काढला होता. चकलीचा सोऱ्या सापडावा म्हणून ती सगळी धडपड. सोऱ्या सापडला नाही. सापडला तो बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले वीतभर लांबीचे एक रुपेरी विमान होते. त्याच्या नाकावरची सुई मोडली होती, एक चाक तिरके होते आणि पंखांवर माझ्या आईच्या हिरव्या टिकल्या चिकटलेल्या होत्या.

"हे टाकायचं का?" सौ.ने विचारले.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझे उत्तर ठाऊक आहे. पण या खेपेस 'राहू दे' एवढ्यावर भागले नाही. विमान हातात घेऊन मी खाली उतरलो आणि माळा तसाच राहिला.

ही गोष्ट सुरू होते ती मात्र दुसऱ्याच विमानापासून. १९८८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे मुंबईला गेलो होतो. आमचे घर नाशिकला पंचवटीत, तेव्हा पंचवटी एक्सप्रेस ही गाडी आमच्याच घरासाठी सोडली आहे अशी माझी त्या वेळी समजूत होती. मामा गिरगावात चाळीत राहत, एका कचेरीत कारकुनी करत आणि उरलेल्या वेळात घासाघीस करत. वस्तू घ्यायची नसली तरी ते भाव करत. तालीमबाज माणूस जसा रोज दोनशे जोर काढतो, तसे.

फोर्टातल्या एका फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी एक गृहस्थ चादर पसरून बसला होता. परदेशी खेळणी त्या काळी सरळ वाटेने आपल्याकडे फारशी येत नसत. जी येत ती कुठून तरी वळणे घेत अशा चादरीवर येऊन पोचत. त्या चादरीवर प्लॅस्टिकच्या काही पिशव्या होत्या. प्रत्येक पिशवीच्या तोंडाशी चित्राच्या कागदाची घडी घालून टाचण्या मारलेल्या. चित्रात ढगांमधून झेपावणारे विमान, त्याच्या पंखांतून निघणारी आग. आणि खाली पिशवीत मात्र करड्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या काही काटक्या. डहाळीला कैऱ्या लगडाव्यात तसे त्या काटक्यांना विमानाचे अवयव लगडलेले होते. मी चित्र पाहिले आणि माझे पाऊल उचलेना.

"केवढ्याला?" मामांनी विचारले.

"वीस रुपये."

मामांनी पिशवी उचलली, उजेडात धरली, हलवली आणि खेदाने म्हणाले, "अहो, पण हे तर सगळं मोडलेलं आहे."

"मोडलेलं नाही साहेब. जोडायचं असतं."

"कोणी जोडायचं?"

"पोरानं."

"म्हणजे माल तुम्ही अर्धवट देणार, काम आमचं पोर करणार, आणि मजुरी?"

त्या माणसाने आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइके पाहिली असतील, पण या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. पिशवी बारा रुपयांना मिळाली.

नाशिकला आल्यावर आईनेही तेच म्हटले, फक्त मामांसारखे डावपेचाने नव्हे, मनापासून: "बारा रुपये देऊन मोडकं विमान आणलंस?" अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच वेळी कामावरून आले होते. त्यांनी पिशवीवरचे चित्र लांबूनच पाहिले. "स्पिटफायर. इंग्रजांचं आहे," एवढे म्हणून ते हातपाय धुवायला गेले.

होतेच ते इंग्रजांचे. एअरफिक्स या कंपनीचे. पुढे मोठेपणी या कंपनीची हकीकत वाचली तेव्हा मामांचा युक्तिवाद किती मुळाशी जाणारा होता ते कळले. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली लंडनमध्ये ही कंपनी काढली, ती हवा भरलेल्या रबरी खेळण्यांसाठी. युद्धानंतर तो प्लॅस्टिकचे कंगवे करू लागला. १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी त्याने छोटे प्लॅस्टिकचे ट्रॅक्टर केले. (पुण्याच्या कॉलेजात एक 's' जास्त आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.) हे ट्रॅक्टर जोडून देणे फार किचकट काम होते. तेव्हा मग सुटे भाग तसेच विकावेत आणि जोडण्याचा उपद्व्याप गिऱ्हाइकाने करावा, असा मार्ग निघाला. १९५२ साली वूलवर्थच्या दुकानांसाठी 'गोल्डन हाइंड' हे जहाज निघाले, किंमत दोन शिलिंग. खोक्याचा खर्च परवडेना म्हणून प्लॅस्टिकची पिशवी आणि वर कागदाची घडी. पाठोपाठ त्याच दशकात स्पिटफायर आले आणि इंग्लंडातल्या पोरांच्या एका पिढीचा आठवड्याचा खाऊ त्या पिशव्यांत गेला. म्हणजे मजुरी वाचवण्यासाठीच हा सारा खेळ जन्माला आला होता! मामांना हे सांगायला हवे होते. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. २०१० नंतरच्या या कंपनीच्या कित्येक खोक्यांवर 'मेड इन इंडिया' असे छापलेले होते. मामांनी तेव्हा भाव आणखी पाडला असता.

जोडण्याची हकीकत मात्र फारशी अभिमानाची नाही. सुताराचा पांढरा गोंद लावून संध्याकाळी जोडलेले पंख सकाळी विमानाशेजारी निवांत पडलेले असत. शेजारच्या ताईंनी नखांचा रंग काढायचे औषध दिले, त्याने प्लॅस्टिक इतके विरघळले की उजव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. अखेर रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात योग्य ती ट्यूब मिळाली. ती चिकटवत नाही, दोन्ही कडा किंचित वितळवते. वाळल्या की दोहोंचे एकच होते. वर्गात संधी शिकवताना हे उदाहरण अजून माझ्या तोंडावर येते, पण मुलांनी असे विमान कधी जोडलेले नसते, म्हणून मी ते गिळतो. पिशवीत एक चाक कमी निघाले. तिथे अण्णांच्या जुन्या सदऱ्याची गुंडी बसवली. एका पायाला चाक आणि एका पायाला गुंडी असे ते स्पिटफायर वर्षभर आमच्या रेडिओवर उभे होते.

इथे अण्णांविषयी सांगायला हवे. अण्णा निफाड तालुक्यातले. आय. टी. आय. करून १९६९ साली ते ओझरच्या मिग कारखान्यात फिटर म्हणून लागले. रोज पहाटे आडगाव नाक्यावर कंपनीची बस येई आणि त्यांना घेऊन जाई. आग्रा रोडने ती बस दिसेनाशी झाली की अण्णांचा दिवस आमच्या दृष्टीने संपे. तिथे ते काय करत, हे आम्हांला ठाऊक नव्हते. "कारखान्यात तुम्ही काय करता?" असे विचारले तर ते "काम" असे सांगत. हा तुटकपणा नव्हता. तिथल्या गोष्टी घरी बोलायच्या नाहीत असे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि सांगितलेले पाळायचे हा त्यांचा स्वभाव. शाळेत 'माझे वडील' या विषयावर निबंध आला तेव्हा माझ्या चार ओळी झाल्या. त्यांतल्या दोन बसविषयी होत्या.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा मुंबईला गेलो आणि मामांना त्याच फुटपाथवर ओढत नेले. चादरीवाल्याने मामांना ओळखले आणि एकदम पस्तीस रुपये सांगितले. त्या दिवशी दोघांचीही कुस्ती पाहण्यासारखी झाली असावी. मी पाहिली नाही, कारण मला पिशव्यांमध्ये एक निराळेच चित्र दिसले होते. लांबट नळकांड्यासारखे अंग, समोर उघडे तोंड, तोंडात शंकू, मागे ओढलेले त्रिकोणी पंख. मिग-२१! आमच्या घरावरून जाणारे! बाई वर्गात वाक्य अर्ध्यावर सोडून ज्याचा आवाज ओसरायची वाट पाहत, ते! पिशवी अठरा रुपयांना मिळाली. परतीच्या गाडीत ती मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

अण्णांना चकित करायचे असे ठरवून मी ते विमान चोरून जोडले. दुपारी आई झोपली की काम सुरू आणि पाच वाजता सगळे पलंगाखाली. आता मी सराईत झालो होतो. भाग खुडून काढायचे, कडा काचकागदाने घासायच्या, मग जोडायचे. सगळे झाल्यावर नळाच्या पाइपाला लावतात तो रुपेरी रंग दिला. पिशवीत पाण्यात भिजवून सरकवायची चित्रे होती, पण ते होते रशियाचे लाल तारे. ते मी लावले नाहीत. आपल्या वायुदलाचे वर्तुळ बाहेर केशरी, मग पांढरे, आत हिरवे असते. केशरी आणि पांढरे मी कागदावर रंगवून कापले, आणि मधल्या हिरव्यासाठी आरशावर आयती सोय होती. "माझ्या हिरव्या टिकल्या कोण नेतंय?" असे आई आठवडाभर विचारत होती.

ज्या दिवशी विमान पुरे झाले त्या दिवशी मी ते अण्णांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले.

अण्णांनी कप बाजूला सारला. विमान उचलून ते खिडकीपाशी गेले. नाकाकडून पाहिले, शेपटाकडून पाहिले, डोळ्यांच्या पातळीवर धरून पंखाच्या कडेने पाहिले. मी शाबासकीची वाट पाहत उभा.

"इथे फुगवटा होता ना?" पंख जिथे अंगाला मिळतो, त्याच्या वर बोट ठेवून त्यांनी विचारले.

"होता. दोन्ही बाजूंना होता. साच्यातून चुकून आला होता. मी घासून काढला."

"घासून काढला," अण्णा म्हणाले. "मग आता चाक कुठे ठेवणार?"

मला काही समजेना. तेव्हा अण्णा खाली बसले, मला समोर बसवले आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच पाऊण तास बोलले. या विमानाचा पंख इतका पातळ आहे की त्यात चाक मावत नाही. म्हणून वर उडाल्यावर पाय तेवढा पंखात दुमडतो आणि चाक वळून अंगात शिरते. तिथे ते जवळजवळ उभे राहते. त्याला जागा लागते. ती जागा म्हणजे हा फुगवटा. हे त्यांनी तळहात आणि मनगट वळवून दाखवले. त्यांचे मनगट म्हणजे पाय आणि मूठ म्हणजे चाक. मग विमान उलटे धरून त्यांनी पंखाच्या बुडाशी नखाने एक रेघ ओढली. "इथून इथपर्यंत मी," ते म्हणाले. वीस वर्षे आडगाव नाक्यावरून निघणारी बस कुठे जात होती, ते मला त्या रेघेत कळले. रशियन भाषेतल्या ड्रॉइंगवरचे शब्द ते कसे शिकले, सोव्हिएट तज्ज्ञ चुका कशा दाखवत, साडेसहाशेंच्या वर ही विमाने ओझरला कशी बांधली, सारे त्या दिवशी निघाले. मिग-२१ बांधणे तेव्हा थांबले होते. कदाचित म्हणूनही त्यांना बोलता आले असेल.

बोलता बोलता त्यांनी काचेत डोकावून पाहिले. "आणि माणूस?"

माणूस राहून गेला होता. या खेळण्यांचे माप बहात्तरास एक. सहा फुटांचा माणूस त्यात एक इंच होतो. तो एक इंच माणूस काटकीलाच लटकत राहिला होता आणि मी घाईघाईने काच बसवून टाकली होती.

"माणसाशिवाय कसं उडेल?" असे म्हणून अण्णांनी दाढीचे पाते आणले. काच काढताना ती थोडी चरली, पण वैमानिक आत बसला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मोटारी रंगवणाऱ्याकडून कागदाच्या पुडीत थोडी लांबी आणली आणि दोन्ही फुगवटे बोटाने पुन्हा उभे केले. नाकावरची काडी माझ्या हातून मोडली होती, तिथे आईची सुई आली. टिकल्यांचा उलगडाही त्याच वेळी झाला. आई रागावली नाही. "निदान सांगायचं तरी," एवढेच म्हणाली.

ही गोष्ट इथे संपवली असती तर मला बरे वाटले असते. पण पुढे आणखी एक प्रसंग घडला. त्यात माझे चुकले.

वर्तमानपत्रात मिग पडल्याची बातमी आली की आमच्या घरात त्या दिवशी जेवण मुकाट्याने होई. अण्णा बातमी दोनदा वाचत. विमान कोणत्या साली बांधलेले हे बातमीत नसे. ते तेच शोधत असावेत. मे २००२ मध्ये जालंधरला एक मिग-२१ वस्तीत कोसळले. वैमानिक बाहेर पडला, पण खाली आठ माणसे गेली. मी तेव्हा नुकतीच एम. ए.ची परीक्षा दिली होती. म्हणजे जगातले सगळे मला कळत होते. या विमानाला 'उडती शवपेटी' म्हणायची तेव्हा पद्धत पडली होती. जेवताना मी ते शब्द उच्चारले. नुसते उच्चारले नाहीत, शब्दप्रयोग कसा समर्पक आहे यावर दोन वाक्ये बोललो.

अण्णांनी ताटातला घास संपवला. हात धुतले. बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दोन दिवसांनी सकाळी ते स्वतःहून बोलले. आवाज चढलेला नव्हता. "हे विमान जमिनीवर उतरतं तेव्हा ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग असतो. हळू विमानावर शिकलेलं पोर एकदम यावर बसवतात. मधली पायरी नाही. मधलं शिकायचं विमान घ्या असं समितीनं १९८२ साली सांगितलं. आता वीस वर्षं झाली." (ते 'हॉक' विमान अखेर २००८ साली बिदरला आले. त्याच्या आदल्या वर्षी अण्णा निवृत्त झाले होते.) मी काही बोललो नाही. ते पुढे म्हणाले, "जालंधरला काय झालं ते मला माहीत नाही. कुठल्याच वेळी आम्हांला घरबसल्या कळत नाही. पण प्रत्येक वेळी रात्री मी तो पंख पहिल्यापासून आठवतो. एकेक रिव्हेट. सापडत काही नाही. तरी आठवतो."

२०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत आकडा दिला: १९७१-७२ पासून ४८२ मिग विमाने अपघातांत गेली, १७१ वैमानिक गेले. मी ते वर्तमानपत्र अण्णांच्या हाती पडण्याआधी घडी करून ठेवले. अण्णांनी ते शोधून वाचले. त्या शब्दांबद्दल मी त्यांची क्षमा मागायला हवी होती. मराठीच्या प्राध्यापकाला शब्द सापडू नयेत, ही काही नवी गोष्ट नाही; पण तेव्हा ते सापडले नाहीत आणि नंतर वेळ गेली असे वाटत राहिले. पुढे घर बदलताना ते विमान मीच डब्यात घालून माळ्यावर टाकले होते, आणि ते कशासाठी हे मला चांगले ठाऊक आहे.

माळा काढल्यानंतर काही दिवसांनी, २६ सप्टेंबरला, मिग-२१ ला चंदीगडला निरोप दिला. १९६३ साली पहिली मिग-२१ तिथेच आली होती. सकाळपासून अण्णा दूरदर्शनसमोर बसले होते. आता त्यांना अठ्ठ्याहत्तरावे चालू आहे. ऐकू कमी येते, म्हणून आवाज शेजारपर्यंत जाईल इतका. वायुदलप्रमुख अमरप्रीत सिंग स्वतः विमानात बसले. विमाने वर गेली, फिरून आली, उतरली आणि दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे उडाले. अण्णांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.

मी डबा आणला आणि विमान त्यांच्या हातात दिले. "अण्णा," मी म्हणालो, "तेव्हा मी जे बोललो होतो, ते..."

"कधी?"

"जालंधरच्या वेळी."

"त्याला काय झालं," अण्णा म्हणाले. "पेपरात तसंच येत होतं." आणि मग जरा वेळाने, "पण तू बोलायला नको होतंस."

"नको होतं," मी म्हणालो.

पडद्यावर एक विमान बाजूने दाखवत होते. अण्णांनी चष्मा वर सारला, पुढे वाकून पडद्याकडे पाहिले, मग हातातल्या विमानाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. अंगठा त्यांनी पंखाच्या वर ठेवला होता.

"डावीकडचा आपला जरा जास्त झाला," ते म्हणाले. "काचकागद आहे का घरात?"